हवेतला मिथेन कुणाच्या खात्यावर?

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक आकडा मांडला. भारतातली भातशेती दरवर्षी ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हवेत सोडते, असं त्यात म्हटलं होतं. हवामानबदलावरचा आंतरराष्ट्रीय करार तेव्हा आकार घेत होता, कोणी किती घट करायची याच्या वाटाघाटी तोंडावर होत्या, आणि नेमक्या त्या वेळी भारताच्या नावावर एवढी मोठी रक्कम चढली. ती काढली होती मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या भातशेतांची मोजमापं घेऊन. तिथल्या एका हेक्टरातून एवढा वायू निघतो, भारतात एवढे हेक्टर भात आहे, करा गुणाकार.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशातल्या अनेक संस्थांनी मिळून मोहीम काढली. वेगवेगळ्या राज्यांतल्या भातखाचरांत पेट्या ठेवून प्रत्यक्ष वायू मोजला. उत्तर आलं वर्षाला सुमारे ४० लाख टन. अंदाजातली कमी-जास्त धरली तरी २७ ते ५४ लाखांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे आधीचा आकडा नऊपटींहून मोठा होता. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातून दुसरा मुद्दा लावून धरला होता: पोटासाठी पिकवलेल्या भाताचा वायू आणि चैनीसाठी उडवलेल्या मोटारींचा वायू एकाच तागडीत तोलायचा का? तो प्रश्न न्यायाचा. मित्रांच्या मोहिमेने त्याच्या आधी येणारा प्रश्न सोडवला, तो म्हणजे मुळात वायू आहे किती.

हा किस्सा जुना झाला, पण त्यातली अडचण आजही तशीच आहे. मिथेनला रंग नाही, वास नाही. (गोबरगॅसला येतो तो वास हायड्रोजन सल्फाइडचा.) खाचरातून निघाला, म्हशीच्या तोंडातून निघाला, कचऱ्याच्या डोंगरातून निघाला की कोळशाच्या खाणीतून, हवेत गेल्यावर रेणू तोच, एक कार्बन आणि चार हायड्रोजन. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता अडवतो, वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पटींच्या आसपास. हवेत टिकतो मात्र दशकभरच. त्यामुळे आज मिथेन कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसेल, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. पण कमी करायचा तर निघतो कुठून हे कळायला हवं, आणि शेतीच्या मुलखात ते कळणं सगळ्यात कठीण असतं.

गुणाकाराचं शास्त्र

प्रत्येक देश संयुक्त राष्ट्रांना आपल्या वायूंचा हिशोब देतो. शेतीपुरता तो हिशोब आजही बहुतांशी गुणाकारच असतो. जनावरांची संख्या गुणिले एका जनावरामागे वर्षाचा मिथेन. भाताखालचं क्षेत्र गुणिले हेक्टरी मिथेन. पहिला आकडा बरा असतो, कारण पशुगणना होते, पेरणीची नोंद होते. घोळ दुसऱ्या आकड्यात.

म्हशींचंच घ्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १०.९८ कोटी म्हशी आहेत. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या तक्त्यात एका म्हशीमागे वर्षाला ५५ किलो मिथेन धरला आहे. गुणाकार केला की सुमारे ६० लाख टन होतात. आता कोणी म्हणालं, देशातल्या म्हशींमध्ये वगारी आणि रेडकंही आली, सरासरी ४० किलोच धरा. लगेच ४४ लाख. देशात एकही म्हैस कमी-जास्त न होता कागदावर १६ लाख टन मिथेन गायब झाला. त्याच तक्त्यात भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला ५८ किलो आहेत, इतर गुरांना २७, तर उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईला सव्वाशेच्या आसपास. तिकडची गाय अंगाने मोठी, खाते जास्त, दूधही कितीतरी जास्त देते. एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही हे गोठ्यात उभ्या असलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

गुरांच्या कोटीपोटात चारा कुजवून पचवला जातो आणि त्या कामात सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. तो जवळपास सगळा तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो. इंटरनेटवर विनोद फिरतात ते जनावराच्या चुकीच्या टोकाबद्दल. एका जनावराचा मिथेन मोजायची एक युक्ती फार छान आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूची छोटी नळी कोटीपोटात सोडतात. ती रोज किती वायू सोडते हे आधीच माहीत असतं. मग जनावराच्या गळ्यात निर्वात डबा अडकवून नाकाजवळची हवा दिवसभर हळूहळू त्यात ओढून घेतात. डब्यात दोन्ही वायू येतात. नळीतल्या वायूचा रोजचा वेग माहीत, दोघांचं प्रमाण मोजलं, की मिथेनचा वेग निघतो. जनावर मोकळं चरत असतानाही हे करता येतं. पण दहा-वीस जनावरांवर होणारं हे काम आहे, कोट्यवधींवर नाही.

भाताचं गणित आणखी नाजूक. खाचरात पाणी तुंबलं की काही दिवसांत चिखलातला प्राणवायू संपतो आणि त्याच्याशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य सुरू होतं. धसकटं, शेणखत, मुळांतून झिरपणारी साखर असं सगळं कुजत जातं आणि शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार होतो. थोडा बुडबुड्यांनी वर येतो. बहुतेक येतो तो भाताच्या रोपातून. मुळांना हवा पोचावी म्हणून भाताच्या खोडात पोकळ वाटा असतात, त्याच वाटांनी मिथेन उलटा वर निघतो. चिखलाच्या वरच्या पातळ थरात मिथेन खाणारे जिवाणू असतात, ते आपला वाटा काढून घेतात. पावसाने आठ दिवस ओढ दिली, खाचराला भेगा पडल्या, की हवा आत शिरते आणि मिथेन बनणं थांबतं. परदेशातल्या शेतात पाणी हंगामभर राखलेलं असतं. आपल्याकडचं बरंचसं भात पावसाच्या भरवशावर. १९९० चा गुणाकार चुकला तो मुख्यतः इथे.

मोजायला पारदर्शक पेटी रोपांवर पालथी घालायची, अर्ध्या तासात आतली हवा सुईने तीन-चारदा काढायची, मिथेन किती वेगाने वाढला ते पाहायचं. ते एक चौरस मीटरभर खाचराचं उत्तर असतं. शेजारच्या खाचरात शेणखत जास्त पडलं असेल तर उत्तर वेगळं.

वाऱ्याला विचारणं

म्हणून शास्त्रज्ञ उलट्या बाजूनेही निघतात. खाली बेरीज करत बसण्याऐवजी हवेतच किती मिथेन आहे ते मोजायचं आणि तो कुठून आला हे वाऱ्याच्या मागावर जाऊन शोधायचं.

गोव्यात काणकोणजवळ काबो द रामा हा समुद्रात घुसलेला भूभाग आहे. लोक किल्ला बघायला जातात. १९९३ पासून सुमारे दहा वर्षं तिथे काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती थेट ऑस्ट्रेलियात तपासणीला पाठवली जात होती. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी विज्ञान संशोधन संस्था सीएसआयआरओ यांचं ते काम. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं. जागा निवडली ती वाऱ्यासाठी. पावसाळ्यात तिथे येणारी हवा नैऋत्येकडून, थेट दक्षिण गोलार्धातून समुद्र ओलांडून येते. त्या गोलार्धात जमीन कमी, गुरं कमी, भात कमी, त्यामुळे हवेत मिथेनही कमी. हिवाळ्यात वारा फिरतो आणि उपखंडावरची हवा समुद्राकडे निघते. मिथेन चढतो. एकाच जागी उभं राहून दोन ऋतूंत दोन वेगळ्या जगांची हवा हाती लागते आणि दोहोंतल्या फरकातून उपखंडाने मधे किती भर घातली याचा अंदाज येतो.

पण यात एक फजिती लपली आहे. कोकणातली खाचरं मिथेन सोडतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. नेमका तेव्हाच किनाऱ्यावर समुद्राचा स्वच्छ वारा असतो आणि खाचरांतला मिथेन घाटाकडे, पूर्वेला वाहून जातो. म्हणजे भात ऐन भरात असताना किनाऱ्यावरच्या बाटलीत भाताचा मागमूस नसतो. त्यासाठी घाटमाथ्याच्या पलीकडे कोणीतरी हवा भरायला हवं. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सिंहगडावर हरितगृह वायूंसाठी हवेचे नमुने घेते. दार्जिलिंगला बोस संस्थेचं केंद्र गंगेच्या खोऱ्यावरून येणारी हवा पाहतं. एवढ्या मोठ्या देशाला अशी ठिकाणं अगदीच थोडी आहेत, आणि माझ्या मते आपल्या मिथेनच्या हिशोबातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. उपग्रहांच्या बातम्या येतात, बाटल्यांच्या येत नाहीत.

दुसरी अडचण पार्श्वभूमीची. आज हवेतल्या दर अब्ज रेणूंत १,९०० हून थोडे जास्त मिथेनचे आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते ७०० च्या आसपास होते. हा १,९०० चा साठा साऱ्या जगाने गेल्या दशकभरात सोडलेल्या मिथेनचा. एखाद्या तालुक्याची भर त्यावर किरकोळच उमटते. शिवाय ती भर वेळेनुसार बदलते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसून राहते, गोठ्यांचा मिथेन तिच्यात साठतो. दुपारी ऊन तापलं की तीच हवा एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि आकडा खाली येतो. गुरं काही दुपारी ढेकर द्यायची थांबत नाहीत. हवेचा थर किती जाड आहे हे माहीत नसेल तर सकाळचा आकडा पाहून गोठ्याला दोष देणं आणि दुपारचा पाहून सोडून देणं, दोन्ही चूकच.

कार्बनचं वजन

रेणू सगळे सारखे म्हटलं खरं, पण अगदी सारखे नसतात. निसर्गातल्या कार्बनचे बहुतेक अणू १२ वजनाचे, पण शंभरातला साधारण एक १३ वजनाचा असतो. सूक्ष्मजीवांना हलका कार्बन हाताळायला सोपा जातो, म्हणून त्यांनी बनवलेल्या मिथेनमध्ये जड कार्बन कमी पडतो. जमिनीत खोल, उष्णतेने आणि दाबाने बनलेल्या नैसर्गिक वायूत तो जरा जास्त असतो. जाळातून निघालेल्या मिथेनमध्ये आणखी जास्त. एका ठरलेल्या प्रमाणाशी तुलना करून हजारात किती कमी असं हे मोजतात. भातखाचर, दलदल, गुरं यांचा मिथेन उणे ६० च्या आसपास. जीवाश्म इंधनांचा सरासरी उणे ४४. पाचट, पाचोळा, लाकूड जळताना निघणारा उणे २५ च्या आसपास. हवेतलं सगळं मिश्रण उणे ४७ च्या जवळ.

हवेतला मिथेन वाढतो तसं हे वजन कुठे सरकतं ते आलेखावर मांडलं तर जी भर पडली तिचं वजन काढता येतं. कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापांसाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स कीलिंग यांच्या नावाने ही पद्धत ओळखतात. तिचा सगळ्यात गाजलेला उपयोग साऱ्या पृथ्वीवर झाला. १९९९ ते २००६ या काळात हवेतला मिथेन जवळपास स्थिर होता, २००७ पासून तो पुन्हा चढू लागला. पहिला संशय तेल-वायूच्या विहिरींवर गेला. पण त्याच काळात हवेतला मिथेन हलका होत गेला, आणि विहिरींचा वायू तर हवेपेक्षा जड. म्हणजे वाढीत मोठा हात सूक्ष्मजीवांचा असणार. लंडनच्या रॉयल होलोवे महाविद्यालयाचे युअन निस्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे ठासून मांडलं.

मात्र सूक्ष्मजीव कुठले? म्हशीच्या पोटातले, आफ्रिकेतल्या दलदलीतले, की दिल्लीच्या कचऱ्यातले? इथे हे शास्त्र अडखळतं. लॅक्टोमीटर दुधात पाणी आहे हे सांगतो, पाणी विहिरीचं की नळाचं हे सांगत नाही, तसंच हे. हवेत मिथेनचा नाश करणाऱ्या हायड्रॉक्सिल या घटकाचं प्रमाण बदललं तरी वजन सरकतं, त्यामुळे २००७ नंतरच्या वाढीतला कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

गुरांच्या बाबतीत मात्र एक धागा आहे आणि तो थेट आपल्या चाऱ्यापर्यंत येतो. झाडं हवेतला कार्बन दोन प्रमुख मार्गांनी पकडतात. भात, गहू, कडधान्यं, बहुतेक झाडंझुडपं एका मार्गाने, त्यांना सी-३ म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस दुसऱ्या, त्या सी-४. दुसऱ्या मार्गात जड कार्बन कमी वगळला जातो, त्यामुळे ही पिकं मुळातच जड असतात आणि ती खाणाऱ्या जनावराचा मिथेनही जड होतो. सी-३ चाऱ्यावरच्या गुरांचा मिथेन उणे ६५ किंवा त्याहून हलका, सी-४ वरच्यांचा उणे ५५ च्या आसपास. आता महाराष्ट्र डोळ्यापुढे आणा. कोकणातलं जनावर भाताच्या पेंढ्यावर. सोलापूरकडचं कडब्यावर. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर. एकाच राज्यात, एकाच जातीच्या म्हशीचा मिथेन जिल्हा आणि हंगाम बदलला की वजन बदलतो.

याचा फायदाही आहे आणि तोटाही. वाढे खाल्लेल्या गाईचा मिथेन भातखाचराच्या मिथेनपासून वेगळा ओळखता येईल. पण तोच मिथेन उणे ४४ च्या दिशेने सरकल्यामुळे, कोणी युरोपातल्या गाईचं वजन गृहीत धरून हिशोब केला, तर आपल्या गाईंचा काही वाटा चुकून वायूगळतीच्या नावावर जाईल. १९९० ची चूक नव्या रूपात. मोजमाप कितीही अचूक असो, त्याच्या तळाशी कुठल्या गावची गाय धरली आहे हे विचारावंच लागतं.

सोबत कोण आलं होतं

वजनाने न सुटलेलं कोडं कधीकधी सोबत आलेल्या वायूंवरून सुटतं. नैसर्गिक वायूत मिथेनबरोबर इथेन असतो. गाय आणि खाचर इथेन सोडत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकिन खोऱ्याच्या दक्षिणेला तेलाच्या विहिरी आणि हजारो गाईंचे गोठे अगदी शेजारी-शेजारी आहेत. तिथे विमानातून मिथेन आणि इथेन एकत्र मोजले की कुठला लोट कोणाचा हे बरंच उलगडतं. शेणाच्या साठ्यातून मिथेनबरोबर अमोनिया येतो, जाळातून कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे अमोनियाची साक्ष जरा जपूनच घ्यावी, कारण युरिया टाकलेल्या रानातूनही तो भरपूर निघतो.

हे सगळे धागे एकत्र कसे गुंततात ते पाहायला चंद्रपूर जिल्हा उत्तम. पूर्वेकडे धानाच्या बांध्या. धानाला पाणी देणारे मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्यांच्या तळाचा गाळही मिथेन सोडतो आणि वजनाने तो धानाच्या मिथेनसारखाच. गुरं आहेतच. कोळशाच्या खाणी आहेत. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्याचा धूर. खाणींचा मिथेन इथेनवरून ओळखावा म्हटलं तर कोळशाच्या वायूत इथेन बहुधा फारच कमी असतो. वजनावरून ओळखावा तर काही कोळशाच्या थरांतला मिथेन सूक्ष्मजीवांनीच बनवलेला असतो, तो गाईच्या मिथेनच्या जवळ जातो. मग उरतं पंचांग. मार्च-एप्रिलमध्ये बांध्या कोरड्या असतात, तेव्हा धान यादीतून गळतं. तेव्हा मोजलेला मिथेन म्हणजे गुरं, खाणी, तलावांत उरलेलं पाणी आणि जाळ. जाळ कार्बन मोनॉक्साइडने वेगळा काढता येतो. ऑगस्टमध्ये जी जादा भर दिसेल ती मुख्यतः पाण्याची, म्हणजे धान आणि भरलेले तलाव. दोघांना वेगळं करायला पुन्हा बांधीत आणि तलावावर पेटी घेऊनच जावं लागेल.

वरून काय दिसतं

उपग्रहाला मिथेन दिसतो तो सूर्यप्रकाशातून. जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या काही लहरी मिथेन शोषतो. किती शोषल्या गेल्या यावरून जमीन ते अवकाश या सबंध स्तंभात मिथेन किती ते कळतं. जपानचा गोसॅट २००९ पासून हे करतो. युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण २०१७ पासून वर आहे. ते जवळजवळ सगळी पृथ्वी रोज पाहतं, पण त्याचा एक ठिपका साडेपाच किलोमीटर बाय सात किलोमीटर. त्यात पाच-सहा गावं मावतील. कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचे छोटे उपग्रह याच्या उलट, थोडाच भाग पाहतात पण पंचवीस-तीस मीटरपर्यंत बारकाईने. २०२२ च्या फेब्रुवारीत अशाच एका उपग्रहाने कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या गुरांच्या छावणीवरचा मिथेन टिपला आणि त्याची मोठी बातमी झाली.

आपल्याकडे तसं का होत नाही, याचा हिशोब सोपा आहे. असे उपग्रह साधारणपणे तासाला १०० किलोच्या आसपास मिथेन एका ठिकाणाहून निघत असेल तर तो पकडतात. ५५ किलो वर्षाला म्हणजे एका म्हशीमागे तासाला सहा ग्रॅम. १०० किलो भरायला एका आवारात १६ हजार म्हशी लागतील. आपल्याकडे दारात दोन-चार. गावभरच्या जनावरांचा मिथेन एकत्र केला तरी तो इतका पसरलेला असतो की लोट उठत नाही. मुंबई-दिल्लीच्या कचराभूमींवरचे लोट मात्र उपग्रहांना स्पष्ट दिसले आहेत. २०१६ ते २०१८ मध्ये कॅलिफोर्नियावर विमानं फिरवून केलेल्या पाहणीतही जे मोठे स्रोत सापडले, त्यांतल्या मिथेनचा ४१ टक्के वाटा कचराभूमींचा होता, शेणाच्या साठ्यांचा २६ आणि तेल-वायूचाही २६. या नकाशांत ठळक दिसतो तो एका जागी साठलेला मिथेन. विखुरलेली शेती त्यात जवळपास अदृश्य राहते. त्यामुळे 'उपग्रहाने अमुक ठिकाणी मिथेन पकडला' अशी बातमी वाचताना तिथेच सगळ्यात जास्त मिथेन आहे असं समजू नये.

भाताच्या बाबतीत तर निसर्गच आडवा येतो. भात उभा तेव्हा आकाशात ढग, आणि ढगांतून या लहरी पार जात नाहीत. ढग फाटले तरी पाण्याने भरलेलं खाचर या लहरींत काळं दिसतं, प्रकाश परतच येत नाही.

त्यातही एक चकवा आहे. गोसॅटच्या नोंदींत पावसाळ्यात भारतावरच्या स्तंभात मिथेन वाढलेला दिसतो, आणि भात लावायचे दिवसही तेच. सरळ निष्कर्ष निघतो की हा भाताचा मिथेन. २०१७ मध्ये नवीन चंद्रा, प्रबीर पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा स्तंभ थराथराने उलगडून पाहिला. वाढीतला बराच भाग जमिनीलगत नव्हताच, तो वातावरणाच्या वरच्या थरांत होता; कोरड्या पश्चिम भारतावर तर बहुतांश. मान्सूनचे उंच ढग खालची हवा वर ओढून नेतात आणि तिथे उपखंडावर जे प्रचंड चक्राकार वारे फिरत असतात त्यांत ती अडकून राहते. त्यामुळे वरून पाहिलेला आकडा खालच्या जिल्ह्याच्या नावावर लावणं धोक्याचं. प्रवासी विमानांत उपकरणं बसवून केलेल्या मोजणीतही पावसाळ्यात भारतावरच्या उंच हवेत हा साठा आढळला होता.

मग सगळं एकत्र करून काही हाती लागतं का? लागतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अनिता गणेशन यांच्या गटाने २०१७ मध्ये जमिनीवरची केंद्रं, विमानं आणि गोसॅट यांच्या नोंदी वाऱ्याच्या संगणकीय प्रतिरूपात घालून २०१० ते २०१५ चा भारताचा मिथेन काढला. वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख टन, त्यात शेतीबरोबर कचरा, कोळसा सगळंच आलं. भारत संयुक्त राष्ट्रांना जो आकडा कळवतो त्याच्याशी हा जुळला. त्या सहा वर्षांत लक्षणीय वाढही दिसली नाही, तर एका जागतिक यादीने भारताची वाढ फुगवून दाखवली होती. घरच्या हिशोबावर बाहेरचा लेखापरीक्षक येऊन खूण करून गेला असं म्हणायला हरकत नाही. पण अशा पद्धती सुरुवातच एका गृहीत नकाशापासून करतात आणि निरीक्षणांनी तो दुरुस्त करत जातात. निरीक्षणं विरळ तिथे दुरुस्तीही विरळ. देशाची बेरीज भरवशाची आली म्हणून जिल्ह्याचा आकडा तितकाच भरवशाचा होत नाही.

जिल्ह्याचाच काय, आता एकेका शेताचा आकडा लागतो आहे, कारण त्यावर पैसे ठरू लागलेत. खाचरात सतत पाणी न ठेवता अधूनमधून ते जिरू दिलं तर मिथेन साधारण निम्म्यावर येतो. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यासाठी साधी तोड काढली: भोकं पाडलेला पाइप खाचरात रोवायचा, आत पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलेलं दिसलं की पुन्हा पाणी द्यायचं. वाचलेल्या मिथेनचे कार्बन क्रेडिट, म्हणजे तेवढी घट केल्याची प्रमाणपत्रं, विकता येतात. किती मिथेन वाचला हे बहुतेक प्रकल्पांत मोजत नाहीत, तिथे पुन्हा गुणाकारच असतो. व्हेरा या क्रेडिट देणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये भाताची जुनी हिशोबपद्धत थांबवली, २०२४ मध्ये चीनमधले भाताचे ३७ प्रकल्प नाकारले आणि २०२५ मध्ये नवी, जास्त कडक पद्धत आणली.

शेतकऱ्याने खरंच पाणी काढलं का, हे पडताळायला आता रडार असलेले उपग्रह वापरायला सुरुवात झाली आहे. त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि खाचरात पाणी उभं आहे की जमीन उघडी पडली आहे हे सांगतात. मिथेन त्यांनाही दिसत नाही. आणि पाणी काढलेल्या खाचरातून नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायू थोडा वाढतो, तो मोजायला पुन्हा तीच पेटी, तीच सुई आणि चिखलात उभा राहणारा कोणीतरी लागतो.